महिना अकरावा, नाव आठवत नाही : ऑगस्टे डेटर यांच्या उत्तरांतला काळ आणि भाषा

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाई दाखल झाल्या. नवरा कार्ल रेल्वेच्या कचेरीत कारकून. लग्न १८७३ सालचं, एक मुलगी, बेताचा पण नीट चाललेला संसार. त्याच वर्षी बाईंनी नवऱ्यावर संशय घ्यायला सुरुवात केली, शेजारणीशी त्याचं काहीतरी आहे म्हणून. मग स्वयंपाक चुकायला लागला, पैशाचं भान सुटलं. घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू झाल्या. वस्तू इकडून तिकडे न्यायच्या, लपवायच्या, आपल्याला कुणीतरी मारायला टपलंय म्हणून ओरडायचं. घरी सांभाळणं अशक्य झालं तेव्हा नवऱ्याने त्यांना दाखल केलं.

आज आपल्याकडच्या कुठल्याही घरातून हीच हकीकत याच क्रमाने ऐकायला मिळते. आधी संशय, मग बिघडलेली आमटी, मग कपाटात कोंबलेल्या पिशव्या. विसरणं लोकांच्या लक्षात येतं ते बरंच नंतर. तोवर घरात भांडणं होऊन गेलेली असतात आणि ‘वयामुळे स्वभाव बदलला’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

तिथल्या डॉक्टरांचं नाव आलोइस अल्झायमर. स्मृतिभ्रंशाच्या ज्या आजाराला पुढे त्यांचं नाव मिळालं, त्याच्या पहिल्या नोंदलेल्या रुग्ण म्हणजे या ऑगस्टेबाई. वय ३७. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची पत्नी वारली होती आणि पदरात तीन लहान मुलं होती. दुसऱ्या दिवशी ते या बाईंसमोर बसले, प्रश्न विचारत गेले आणि प्रश्न अन् उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहीत गेले. ‘रुग्णाची स्मृती मंद’ एवढा शेरा मारून ते मोकळे झाले नाहीत. बाई जे बोलल्या ते बाईंच्याच शब्दांत कागदावर उतरलं. ही फाइल पुढे कित्येक दशकं कुणाला सापडत नव्हती. १९९५च्या डिसेंबरात फ्रँकफर्टमध्येच ती मिळाली आणि १९९७ मध्ये तिच्यातला मजकूर जगापुढे आला. या आजाराच्या इतिहासात सगळा मान सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूत जे दिसलं त्याला मिळतो. माझ्या मते त्या फाइलमधली प्रश्नोत्तरं तितकीच मोलाची आहेत, आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांच्यासाठी तर जास्तच.

पहिल्या दिवशीची सुरुवात अशी आहे. तुमचं नाव काय? ‘ऑगस्टे.’ आडनाव? ‘ऑगस्टे.’ नवऱ्याचं नाव? ‘मला वाटतं, ऑगस्टे.’ तुमच्या नवऱ्याचं? ‘हां, माझ्या नवऱ्याचं...’ तुमचं लग्न झालंय का? ‘ऑगस्टेशी.’ इथे येऊन किती दिवस झाले? बाई आठवायचा प्रयत्न करताना दिसतात आणि सांगतात, ‘तीन आठवडे.’ प्रत्यक्षात त्या आदल्याच दिवशी आल्या होत्या.

वरवर वाचलं तर चार चुकीची उत्तरं. पण नीट पाहिलं तर पहिलं उत्तर बरोबर आहे. घोटाळा पुढे होतो, कारण पहिलं उत्तर जागेवरून हलत नाही. प्रश्न बदलला तरी तोंडात जुनाच शब्द. वैद्यकात याला पर्सिव्हरेशन म्हणतात, म्हणजे दिलेलं उत्तर चिकटून राहणं. मेंदूच्या पुढच्या भागाचं एक काम असं की, ज्याचं काम संपलं ते विचारातून बाजूला करायचं. ते काम ढिलं पडलं की आधीचा शब्द नव्या प्रश्नाच्या वाटेत उभा राहतो.

इथेच मला या प्रकरणातली मुख्य गोष्ट दिसते. आपण स्मृतिभ्रंशाबद्दल बोलताना दोन वेगळे रकाने करतो. एकात ‘वेळ-काळाचं भान गेलं’, दुसऱ्यात ‘शब्द सापडत नाहीत’. ऑगस्टेबाईंच्या उत्तरांत हे रकाने वेगळे राहत नाहीत. चिकटलेलं ‘ऑगस्टे’ ही भाषेची चूक दिसते, पण तिच्या मुळाशी काळच आहे. मघाचा क्षण त्यांच्यासाठी ‘मघाचा’ झालेलाच नाही. उलट काही उत्तरं काळाच्या चुकीसारखी दिसतात आणि प्रत्यक्षात अडलेला असतो तो शब्द.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण त्याच आठवड्यातलं. डॉक्टरांनी विचारलं, सध्या कितवा महिना चालू आहे? उत्तर आलं, ‘अकरावा.’ अगदी बरोबर. नोव्हेंबर चालू होता. मग त्यांनी विचारलं, अकराव्या महिन्याचं नाव काय? ‘शेवटचा, शेवटचा नसेल तर...’ कोणता? ‘माहीत नाही.’ बाईंना आकडा ठाऊक होता, तो महिना वर्षाच्या शेवटाकडचा आहे हेही ठाऊक होतं. फक्त नाव हाताशी येत नव्हतं. एखाद्या घाईतल्या डॉक्टराने दुसराच प्रश्न विचारला असता तर कागदावर लिहिलं गेलं असतं, ‘महिना सांगता येत नाही’. अल्झायमरांनी दोन्ही विचारले आणि दोन्ही लिहिले, म्हणून आज आपल्याला त्या दोन उत्तरांमधली फट दिसते.

आता सालाचं उत्तर. हे कोणतं वर्ष? ‘अठराशे.’ या एका शब्दावर बऱ्याच लिहिणाऱ्यांनी ‘शंभर वर्षं मागे गेल्या’ असं म्हणून टाकलंय. मला ते पटत नाही. बाईंचा जन्म १८५०चा. वयाच्या जवळजवळ पन्नासाव्या वर्षापर्यंत त्यांनी उच्चारलेलं प्रत्येक साल ‘अठराशे’नेच सुरू झालं होतं : जन्माचं, लग्नाचं, मुलीच्या जन्माचं. जर्मनमध्ये साल आपल्यासारखंच सांगतात, आधी शेकडा आणि मग उरलेले आकडे. मला वाटतं, सवयीचा अर्धा भाग तोंडून निघाला आणि पुढचा आलाच नाही. त्या १८०० सालात जगत नव्हत्या, त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. हा माझा अंदाज आहे, पण महिन्याच्या उत्तराशेजारी ठेवला तर तो बसतो.

लगेच पुढे आणखी एक. तुम्ही आजारी आहात का? ‘दुसरा महिना.’ काळाचं उत्तर काळ विचारला तेव्हा आलं नाही आणि प्रकृती विचारली तेव्हा आलं. आपल्याकडेही असंच होतं. ‘जेवलात का?’ विचारलं की आजोबा म्हणतात ‘मंगळवार’, आणि घरच्यांना ते वेड्यासारखं वाटतं. पाच मिनिटं मागे जाऊन बघा, बहुधा कुणीतरी वार विचारलेला असतो.

वस्तूंच्या नावांचं काय झालं? किल्ली, सिगार, पैशाचं पाकीट हातात दाखवलं की बाई बरोबर ओळखत. वस्तू बाजूला ठेवून थोड्या वेळाने ‘मी काय काय दाखवलं?’ विचारलं की काहीच नाही. म्हणजे नाव माहीत आहे, पण ती वस्तू मघाशी पाहिल्याची नोंद झालेली नाही. या दोन वेगळ्या स्मृती आहेत. बर्फ पांढरं, काजळी काळी, आकाश निळं, कुरण हिरवं ही सगळी उत्तरं त्यांनी बिनचूक दिली. या ज्ञानाला तारीख नसते. बर्फ पांढरं असतं हे आपण कुठल्या दिवशी शिकलो ते कुणालाच आठवत नाही, आठवावंही लागत नाही. तारीख लागते ती घटनांना : इथे कधी आले, लग्न कधी झालं, आत्ता काय पाहिलं. ऑगस्टेबाईंच्या बाबतीत तारखेचं ज्ञान आधी गळलं आणि बिनतारखेचं टिकलं. अल्झायमरच्या आजारात साधारण हाच क्रम असतो.

दुपारच्या जेवणाची नोंद मी कितीतरी वेळा वाचली आहे. ताटात फुलकोबी आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय? ‘पालक.’ मांस चावत असताना पुन्हा विचारलं, आता काय करताय? ‘बटाटे’ आणि मग ‘हॉर्सरॅडिश’, म्हणजे जर्मन लोक मांसाबरोबर खातात ते झणझणीत मूळ. चूक उत्तरं आहेत, पण कुठेही खुर्ची किंवा टोपी असं उत्तर नाही. भाजीच्या जागी भाजीच आली, मांसाच्या जागी त्याच ताटात शोभणारं काहीतरी आलं. शब्द शोधताना बाई योग्य खोलीपर्यंत पोचत होत्या, फक्त फडताळ चुकत होतं. नंतरच्या निबंधात अल्झायमरांनी नोंदवलंय की, त्या कपाला ‘दूध ओतायचं भांडं’ अशा अर्थाचा शब्द वापरत. नाव गेलं, उपयोग राहिला. सासूबाईंनी चष्म्याला ‘ते वाचायचं’ म्हटलं तर तिथेही हेच चाललेलं असतं. अशा वेळी हसून दुरुस्ती करण्याऐवजी चष्मा हातात द्यावा, कारण त्यांनी सांगितलं ते पुरेसं स्पष्ट होतं.

लिहायला सांगितलं तेव्हा ‘श्रीमती’ एवढं लिहून पुढचं काय लिहायचं ते विसरल्या. प्रत्येक शब्द पुन्हा पुन्हा सांगावा लागला. नाव लिहिता येईना तेव्हाच त्या ते प्रसिद्ध वाक्य बोलल्या, ‘मी जणू स्वतःला हरवलंय.’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी एखाद्या तत्त्वज्ञाच्या उद्गारासारखं छापलं जातं. मला ते एका बाईने आपली अडचण शक्य तितकी नेमकी सांगितली असं वाटतं. हातात लेखणी, समोर कागद, आणि आपलंच नाव पुरं होत नाही. व्याकरणाने बांधलेलं, अर्थाने पूर्ण असं वाक्य त्या बोलू शकत होत्या, पण स्वतःबद्दल आणि आत्ताच्या क्षणाबद्दल. पंधरा मिनिटांपूर्वीच्या गोष्टीबद्दल त्यांना असं वाक्य करता येत नव्हतं.

२९ नोव्हेंबरला त्यांना रस्त्याचं नाव विचारलं. ‘सांगते, जरा थांबायला हवं.’ मी काय विचारलं तुम्हाला? ‘हे फ्रँकफर्ट आम माइन.’ थोड्या वेळाने डॉक्टर विचारतात, अवघड आहे, नाही का? बाई म्हणतात, ‘इतकी भीती वाटते, इतकी भीती.’ मग ते तीन बोटं दाखवतात. किती? ‘तीन.’ बरोबर. बाई म्हणतात, ‘इतकी भीती वाटते, इतकी भीती.’ अजून भीती वाटतेय? ‘हो.’ मी किती बोटं दाखवली होती? ‘हे फ्रँकफर्ट आम माइन.’

या ओळींत दोन गोष्टी एकदम आहेत. शहराचं नाव मघापासून चिकटून राहिलंय आणि नको तिथे येतंय. पण भीतीचं उत्तर दोन्ही वेळा वेळेवर आणि खरं आलं. त्यासाठी कुठलीही तारीख लागत नाही, कुठला शब्द शोधावा लागत नाही. बाईंशी बोलण्याचा तो एक रस्ता उघडा होता. खरं तर याच ठिकाणी प्रश्न थांबवून त्यांचा हात धरायला हवा होता असं मला वाटतं. अल्झायमरांनी तपासणी चालू ठेवली. त्यांचं ते काम होतं, आणि त्यामुळेच आज आपण हे वाचतोय, तरीही वाटतं.

नोंदींत एक बारीक शेरा आहे : संध्याकाळी बाईंच्या आपणहून बोलण्यात शब्द भलतीकडे घसरतात आणि तेच ते शब्द वारंवार येतात. सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दिवेलागणीला आजी उठते आणि म्हणते, ‘चला, मला घरी सोडा, आई वाट बघत असेल.’ बसलेली असते स्वतःच्याच घरात, वय ८३. या वेळी बिघाड वाढण्याला कारणं आहेत. दिवस-रात्रीचं चक्र चालवणाऱ्या मेंदूतल्या पेशी या आजारात कमी होतात, दिवसभराचा थकवा साचतो, उजेड कमी होऊन चेहरे आणि सावल्या ओळखू येत नाहीत. फ्रँकफर्टच्या वॉर्डात त्या काळी यावर उपाय होता कोमट पाण्यात बराच वेळ बसवून ठेवणं आणि झोपेसाठी क्लोरल हायड्रेट.

पुढची चार वर्षं फार थोडक्यात सांगता येतात, कारण नोंदीच विरळ होत गेल्या. बोलणं कमी झालं, मग समजेनासं झालं. अखेरीस बाई पाय पोटाशी घेऊन बिछान्यात पडून असत. ८ एप्रिल १९०६ रोजी त्या गेल्या. शय्याव्रणांतून झालेला जंतुसंसर्ग हे कारण ठरलं. अल्झायमर तोवर म्युनिकला होते. फ्रँकफर्टचे प्रमुख एमिल सिओली यांनी कागदपत्रं आणि मेंदू त्यांच्याकडे पाठवला. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या कापांत त्यांना पेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत झालेला धाग्यांचा गुंता दिसला. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेनच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं. कुणीही एक प्रश्न विचारला नाही. निबंध १९०७ मध्ये छापला गेला आणि १९१० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं.

तो गुंता मेंदूत कुठून सुरू होतो हे कळायला बरीच वर्षं लागली. हायको आणि एफा ब्राक या दांपत्याने १९९१ मध्ये त्याच्या पायऱ्या मांडल्या. कानशिलाच्या आतल्या बाजूला एन्टोरायनल कॉर्टेक्स नावाचा छोटा पट्टा आहे, तिथे तो फार लवकर दिसतो. तिथून तो नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये, आणि मग शब्दांचे अर्थ सांभाळणाऱ्या कानशिलाच्या भागांत जातो. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की, याच पट्ट्याच्या बाहेरच्या भागातल्या पेशींची हालचाल अनुभव पुढे सरकेल तशी बदलत जाते. तिच्यावरून कोणती घटना आधीची आणि कोणती नंतरची हे वाचता येतं. म्हणजे घटनेवर वेळेचा शिक्का बसतो ती जागा आणि आजार आधी पोचतो ती जागा अगदी लगत आहेत. ‘तीन आठवडे’ हे उत्तर मला तेव्हापासून वेगळं दिसायला लागलं. बाई खोटं बोलत नव्हत्या की अंदाज करत नव्हत्या. कालच्या दिवसावर शिक्काच उमटला नव्हता.

बाईंना आजार इतक्या लवकर का झाला, हे अजून सुटलेलं नाही. जपून ठेवलेल्या मेंदूच्या कापांतून २०१३ मध्ये एका गटाने प्रेसेनिलिन-१ या जनुकात दोष सापडल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटाने २०१४ मध्ये तपासलं तेव्हा तो मिळाला नाही.

आपल्याकडे या तपासणीत एक जास्तीची अडचण आहे. जगभर वापरली जाणारी ३० गुणांची छोटी चाचणी १९७५ची. तिच्यात वर्ष, ऋतू, तारीख, वार, महिना यांना ५ गुण आणि ठिकाणाला ५. हरियाणातल्या बल्लभगडला लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांसाठी १९९५ मध्ये तिचं हिंदी रूप करावं लागलं, कारण कॅलेंडर न वाचणाऱ्या माणसाला तारीख विचारून त्याच्या मेंदूबद्दल काहीच कळत नाही. मराठी घरातली ८० वर्षांची बाई इंग्रजी तारीख आयुष्यभर विसरलेली असू शकते, पण संकष्टी कधी झाली, श्रावण लागला का, भाद्रपदात माहेरी कोण आलं होतं, हे तिला चोख ठाऊक असतं. तिला तेच विचारावं. तिला संकष्टीही सांगता येईनाशी झाली तर ते खरं लक्षण. बडोदा किंवा इंदूरच्या मराठी घरांत, आणि अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत, नंतर शिकलेली भाषा आधी विरळ होते असा अनुभव बऱ्याच घरांत येतो. तिथे इंग्रजीत घेतलेली चाचणी आजार आहे त्याहून मोठा दाखवू शकते. मराठीत बोलणारं कुणीतरी सोबत हवंच.

‘आई वाट बघत असेल’ याला काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ‘अहो, तुमची आई जाऊन ४० वर्षं झाली’ असं सांगितलं तर ती बातमी त्यांच्यासाठी आजचीच असते, आणि उद्या पुन्हा पहिल्यांदाच कळते. दर संध्याकाळी नवं दुःख देण्यात काही खरेपणा नाही. ‘तुमची आई काय करायची हो संध्याकाळी?’ असं विचारा. जुन्या गोष्टी बहुतेक वेळा शाबूत असतात, आणि बोलता बोलता घरी जायची घाई ओसरते. दिवे आधीच लावा, टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि पुढचा विचारण्याआधी थोडं थांबा. ऑगस्टेबाईंनी स्वतःच सांगितलं होतं, जरा थांबायला हवं.

डॉक्टरांकडे जाताना ‘हल्ली फार विसरते’ असं सांगू नका. एक वही करा. आईचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहा, त्याआधी तुम्ही काय विचारलं होतं ते लिहा, आणि वेळ लिहा. ‘सकाळी १० : चहाला दूध म्हणाली. संध्याकाळी ६.३० : मला रमाताई म्हणून हाक मारली (रमाताई तिची मोठी बहीण), पण औषधाचा डबा बरोबर दाखवला.’ महिन्याभराची अशी दोन पानं न्यूरॉलॉजिस्टला खूप काही सांगतात : बिघाड संध्याकाळचा आहे की दिवसभराचा, शब्द अडतोय की घटना पुसली जातेय, हळूहळू वाढतंय की चार दिवसांत एकदम आलंय. शेवटचं असेल तर वाट बघू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवं सुरू केलेलं झोपेचं औषध यांनीही वृद्ध माणूस असाच बरळायला लागतो, आणि ते वेळेत उपचार केले तर बरंच सुधारतं.